पैज काढली की उरते काय?

श्रावण वद्य सप्तमी-अष्टमी जवळ आली की आमच्या बडोद्यात पत्त्यांचे जोड खपू लागतात. गुजराती शेजाऱ्यांकडे सातम-आठमला तीन पत्ती बसते, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली आम्ही मराठी मंडळीही त्या बैठकीला अगदीच परकी राहिलेली नाही. पोलीस ठिकठिकाणी छापे घालतात, जप्त रकमेचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि पुढल्या श्रावणात पत्ते पुन्हा पिसले जातात. या जुगाराचे समर्थन मी करणार नाही. पण त्याला निदान एक तिथी होती. जन्माष्टमी सरली की डाव मोडत असे. खिशातल्या मोबाइलमध्ये मात्र बारमाही सातम-आठम आहे.

२१ ऑगस्ट २०२५ रोजी संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कायद्याच्या नावात प्रोत्साहन आहे, नियमन आहे. पण पैसे लावून खेळण्यापुरती त्यात सरळ बंदी आहे. तेव्हापासून ओट्या-ओट्यावर दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, बंदीच हवी. दुसरा म्हणतो, बंदीने चोरवाटा वाढतात. परवाने द्या, नियम घाला, कर घ्या. मी काही कायदेपंडित नाही. गाणेबजावणे शिकवून प्रपंच चालविणारा माणूस आहे. परंतु या वादात ‘कौशल्य’ हा शब्द इतक्या वेळा येतो की, ज्याचे आयुष्य रियाजात गेले त्यानेही चार शब्द बोलायला हरकत नसावी.

वाद तसा फार जुना आहे. राजाने आपल्या राज्यात द्यूत ठेवूच नये, असे मनुस्मृती सांगते. कौटिल्याचा विचार निराळा. त्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच जागी चालावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत, लबाडी करणाऱ्यास दंड व्हावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा व्हावेत, अशी त्याची व्यवस्था आहे. याज्ञवल्क्यस्मृतीही देखरेखीखालच्या जुगाराला संमती देते, कारण अशा ठिकाणी चोर ओळखू येतात! कौटिल्याची तोड मला व्यवहारी वाटते. पण तिचा सारा भार ‘एकाच जागी’ या दोन शब्दांवर आहे. अध्यक्षाला दारात बसायचे तर आधी दार असायला हवे. डोक्यावरून पांघरूण घेऊन मध्यरात्री खेळणाऱ्यावर कोण देखरेख ठेवणार?

आता कौशल्याचे पाहू. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यानेच निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. पुढे सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे नि कोणते टाकावे याला बुद्धी लागते, तेव्हा रमी ही तीन पत्तीसारखी केवळ नशिबाची नव्हे, असे न्यायालयाने १९६७ साली म्हटले. मात्र क्लबाचा मालक पैसे लावलेल्या खेळातून नफा काढीत असेल, तर गुन्हा ठरू शकेल, असेही त्याच निकालात होते. मोबाइलवर रमीची दुकाने मांडणाऱ्यांनी निकालाचा पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोयीस्करपणे विसरले.

माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यात तबला वाजवीत. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांनी मला एक कायदा आठ महिने घोटायला लावला. मी तबल्यातला कायदा म्हणतो आहे, संसदेतला नव्हे! त्या आठ महिन्यांत मला कोणी दमडी दिली नाही की माझ्याकडून घेतली नाही. तरी बोल हाताला बसले. कौशल्याची माझी कसोटी एवढीच आहे. खेळातून पैसा काढून पाहा. बुद्धिबळ उरते, कुस्ती उरते, घरच्यांबरोबरची रमीसुद्धा पावसाळ्यातली एक दुपार छान घालविते. पण पैज काढताच खेळणारे उठून जाणार असतील, तर ते कौशल्यासाठी बसले होते, असे कसे म्हणावे?

२०२५ च्या कायद्याने हीच कसोटी लावली आहे, म्हणून तो मला पटतो. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा घोळ त्याने बाजूला ठेवला. पैसे लावले आहेत की नाहीत, एवढेच विचारले. असे दुकान चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे आणि पन्नास लाख, पैशांची देवघेव करून देणाऱ्या बँकेवरही जबाबदारी. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही.

हे शेवटचे कलम फार मोलाचे आहे. माझ्याकडे गोड गळ्याचा एक विद्यार्थी येत असे. मोबाइलवरच्या रमीत पहिल्याच आठवड्यात तो दोन-अडीच हजार जिंकला. त्यानंतर आईच्या पाटल्या गहाण पडल्या, मोबाइलवरच मिळणारे कर्ज झाले आणि अखेर पेटी विकली गेली. मला म्हणाला, “गुरुजी, आता सोडणारच आहे. फक्त गेलेले तेवढे परत येऊ द्या.” गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने याच बडोद्यात केला. त्या नावातला ‘एकच’ किती खोटा असतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होते. अशा मुलाला तुरुंगात टाकून काय मिळणार? त्याच्या हाताशी रात्रंदिवस फड मांडून बसणाऱ्याला आधी धरले पाहिजे.

नियमनवाले विलायतेकडे बोट दाखवितात. तेथे २००५ च्या कायद्याने खास आयोग नेमला आहे. पण त्या आयोगाच्या देशातही दुकानांतील यंत्रांवरचा कमाल डाव २०१९ साली शंभर पौंडांवरून दोन पौंडांवर आणावा लागला, २०२० साली क्रेडिट कार्डावरचा जुगार बंद करावा लागला आणि २०२५ साली ऑनलाइन यंत्रखेळांवर पाच पौंडांची मर्यादा घालावी लागली. धंदा पुढे आणि नियम मागे, असा हा प्रकार आहे. शिवाय कराची गोडी वेगळीच. आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला होता. प्रत्येक डावात वाटा असलेल्या सरकारला डाव कमी व्हावेत असे मनापासून वाटणे कठीण. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंना लोकांनी किती विरोध केला, तरी ती जहाजे नदीतून हलली नाहीत.

बंदीने सारे संपते, असा भ्रम मात्र गुजरातेत राहणाऱ्याने बाळगू नये. १९६० साली हे राज्य झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे; तरी दारू मिळते, आणि २००९ साली अहमदाबादेत व २०२२ साली बोटाद भागात विषारी दारूने कित्येक माणसे दगावली. तशी परदेशी संकेतस्थळे राहणारच. तरीही एक फरक आम्ही रोज पाहतो: शाळेच्या वाटेवर गुत्ता नाही. जुगाराच्या बाबतीत तर काही वर्षे उलटेच चालले होते. क्रिकेट संघाच्या सदऱ्यावरच पैशांच्या खेळाचे नाव झळकत होते.

या कायद्याला न्यायालयांत आव्हान दिले गेले आहे. त्याचा निर्णय न्यायाधीश करतील. आपल्या हाती आहे ते असे: चोरट्या खात्यांतून पैसा फिरताना दिसला तर बँकांनी तो अडवावा, आणि घरातला मुलगा हरून आला तर पोलिसांच्या भीतीने ते झाकू नये. कायद्याने त्याला गुन्हेगार मानलेले नाही. आपणही मानू नये, आणि वेळेवर डॉक्टरांकडे न्यावे.