तलवारीचे फाळ केव्हा होतील?

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, ‘अ’ वर्षात, आपण यशया संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातील वाचन ऐकतो. राष्ट्रे तलवारी मोडून नांगराचे फाळ घडवतील, असे ते भाकीत आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातले हे वचन अद्याप पूर्ण का झाले नाही?

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बोचतो. १९३६ साली महात्मा गांधी जेथे राहावयास आले ते सेवाग्राम याच जिल्ह्यात आहे, आणि पुलगावचे दारूगोळा भांडारही येथेच आहे. मे २०१६ मध्ये त्या भांडाराला लागलेल्या आगीत जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले.

संदेष्ट्याची वाणी म्हणजे पंचांग नव्हे. यशया ‘शेवटल्या दिवसांविषयी’ बोलतो. वर्ष सांगत नाही. परमेश्वर काळाच्या पलीकडे आहे. भूत, वर्तमान व भविष्य त्याच्यासमोर एकाच वेळी उभे असतात, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणूनच नवव्या अध्यायात, ख्रिस्तजन्माच्या कित्येक शतके आधी, बालक जन्मले आहे असेच संदेष्टा म्हणतो.

मात्र फाळांचे भाकीत भविष्यात संपत नाही. त्याला लागूनच याकोबाच्या घराण्याला हाक आहे: चला, प्रभूच्या प्रकाशात चालू या. पूर्णता देवाच्या हाती आहे. चालणे मात्र आपण आजच आरंभावयाचे आहे.