पाण्याच्या मागावर इंदूर

ऑगस्ट २०२२च्या प्रारंभी केंद्र सरकारने रामसर यादीत नव्याने समाविष्ट झालेल्या दहा पाणथळ जागांची नावे जाहीर केली. त्यांत कुडचडे येथील नंदा तळे असल्याने गोमंतकीयांना ती बातमी आपली वाटली. त्याच दहा नावांत इंदूरचा सिरपूर तलावही होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये ‘पाणथळ शहर’ ही रामसरची मान्यता मिळवणारी भारतातील पहिली दोन शहरे ठरली, ती इंदूर आणि उदयपूर. स्वच्छतेसाठी आणि सराफ्यातील खाद्यपदार्थांसाठी गाजलेल्या इंदूरची ही बाजू आपल्याला कमी परिचित आहे.

होळकरांच्या मागोमाग माळव्यात गेलेली मराठी घराणी तेथे पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत. मूळ गाव कोणते, हे त्यांना आडनावावरून सांगता येते. पायाखालची भूमी कोणती, हे मात्र पाण्याच्या मागाने चालत गेल्याशिवाय कळत नाही. होळकर दरबारासाठी इंदूरची पाहणी करणारे पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांचा द्विखंडी अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आराखडा काढण्यापूर्वी गल्लीबोळांतून, नदीकाठाने पायी हिंडून शहर जाणून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. वैद्याने आधी नाडी पाहावी, तसे हे. आजच्या नगरनियोजनात ही नाडीपरीक्षा बहुधा उपग्रहचित्रावर उरकली जाते.

कान्ह आणि सरस्वती या इंदूरच्या दोन नद्या कृष्णपुरा छत्र्यांजवळ एकत्र येतात. तेथे उभे राहिले तर सांडपाण्याने त्यांची काय अवस्था केली, हे सांगावे लागत नाही. हे पाणी पुढे क्षिप्रेत, तेथून चंबळ, यमुना आणि गंगा असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. शहरापासून महूच्या पुढे गेले की पठार अचानक संपते. पाताळपाणीच्या कड्यावरून कोसळणारी चोरल नदी नर्मदेकडे धावते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्रात, पोहोचते. दिवसभराच्या भटकंतीत दोन समुद्रांचा जलविभाजक ओलांडता येतो. नकाशावर ही रेषा दिसते. उताराची दिशा बदलली की ती पायांना कळते.

महूजवळच जानापाव टेकडी आहे. चंबळेचा उगम येथला. ही जमदग्नींची तपोभूमी आणि परशुरामाचे जन्मस्थान, अशी तेथील श्रद्धा. परशुरामभूमी म्हणवणाऱ्या गोमंतकीयाला त्या टेकडीवर परके वाटण्याचे कारण नाही!

सिरपूर तलाव मात्र शहराच्या अगदी कुशीत, धार रस्त्यावर आहे. क्षेत्र सुमारे १६१ हेक्टर; भर पावसातही खोली जेमतेम दोन मीटर. असे उथळ तळे शहराला पडीक जमिनीसारखे दिसू लागते. भोवताली वसाहती वाढल्या, त्यांचे सांडपाणी आत येऊ लागले, अतिक्रमणांचा धोका उभा राहिला. वास्तविक या उथळपणामुळेच ते पक्ष्यांना मानवते. पाणवनस्पतींपर्यंत आणि तळच्या अन्नापर्यंत ऊन पोहोचते, पाय रोवून उभे राहणाऱ्या पक्ष्यांना काठ मिळतो आणि हिवाळ्यात लालसरीसारखी बदके उतरतात. पद्मश्री भालू मोंढे या कलावंताने आणि ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’ या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे चिकाटीने काम केले. ज्या तळ्यावर कोणी नियमाने जात असते, त्यात टाकलेल्या भरावाची ओरड लवकर होते, एवढा व्यवहार त्यामागे आहे.

नंदा तळे सिरपूरच्या जवळपास चौथाईएवढे, ४२ हेक्टरांचे. पावसाळा सरल्यावर त्यात साठवलेल्या पाण्यावर खालच्या बाजूची भातशेती होते. अडई, शराटी, कमळपक्षी तेथे दिसतात. मडगावहून ते तासाभराच्याही वाटेवर नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी उजाडता उजाडता जावे, आणि पाणी कोठून येते व कोणत्या शेतांत उतरते, हे काठाने चालत पाहावे.