मोटारगाडीच्या ब्रेक यंत्रणेची देखभाल

मोटारगाडीच्या ब्रेक यंत्रणेची देखभाल म्हणजे गाडीचा वेग कमी करणाऱ्या व तिला थांबवणाऱ्या भागांची झीज, गळती व बिघाड वेळीच ओळखणे आणि ते भाग ठरावीक काळाने तपासणे किंवा बदलणे होय. इंजिन बिघडल्यास गाडी रस्त्यात बंद पडते, ब्रेक बिघडल्यास ती थांबत नाही. म्हणून गाडीच्या इतर सर्व दुरुस्त्यांपेक्षा या यंत्रणेला अग्रक्रम दिला जातो. ब्रेक अचानक 'फेल' झाल्याचे अपघातांनंतर अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुतेक बिघाड काही आठवडे किंवा महिने आधीपासून आवाज, वास, कंप किंवा पेडलच्या बदललेल्या स्पर्शातून जाणवत असतात.

रचना

आजच्या मोटारींचे ब्रेक द्रवचालित असतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ते चालतात. चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो आणि तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. चारही चाकांना द्रवचालित ब्रेक असलेली मोटार अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणली. त्यापूर्वी हे काम तारा आणि दांड्यांवर चालत असे.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी दोन पॅडांच्या चिमट्यात पकडली जाते. हा चिमटा म्हणजे कॅलिपर. ड्रम ब्रेकमध्ये फिरणाऱ्या पिंपाच्या आतल्या बाजूस दोन अर्धवर्तुळाकार शू घासतात, त्यांच्यावरील घर्षणपट्टीला गॅरेजमध्ये 'लायनर' म्हणतात. भारतातील बहुसंख्य छोट्या मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते, त्यामुळे पुढचे पॅड मागच्या लायनरपेक्षा बरेच लवकर झिजतात.

पेडलवर पायाने दिलेले बल वाढवण्यासाठी बूस्टर असतो. पेट्रोल इंजिन चालू असताना त्याच्या शोषणनलिकेत निर्माण होणाऱ्या निर्वातावर तो चालतो, डिझेल इंजिनाला त्यासाठी वेगळा निर्वात पंप जोडलेला असतो. सुरक्षिततेसाठी मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन दट्टे आणि दोन स्वतंत्र मार्ग ठेवलेले असतात. एका मार्गात गळती झाली तरी दुसऱ्यावर निम्मे ब्रेक उरतात. मात्र तेव्हा पेडल बरेच खाली जाते आणि थांबण्याचे अंतर वाढते.

उष्णता आणि घाट

ब्रेक गाडीची गती 'खाऊन टाकत' नाहीत, ते तिचे उष्णतेत रूपांतर करतात. साधा हिशेब उद्बोधक आहे. प्रवाशांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे ४.६ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तीच मोटार बोर घाटातून खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरते तेव्हा ती सुमारे ५०० मीटर खाली येते आणि तिची जवळजवळ ५९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. ती ताशी १०० किलोमीटर वेगावरून बारा-तेरा वेळा गाडी थांबवण्याइतकी, किंवा १८ लिटरांहून अधिक थंड पाणी उकळीला आणण्याइतकी आहे. यातील काही वाटा हवेचा व टायरांचा रोध घेतो. उरलेली ऊर्जा इंजिनाने घ्यायची की ब्रेकने, हे चालकाच्या गिअरवर ठरते.

ब्रेकवर सतत पाय ठेवून घाट उतरल्यास दोन वेगवेगळ्या प्रकारे ब्रेक निकामी होतात. पहिल्या प्रकारात पॅड किंवा लायनर इतके तापतात की त्यांचे घर्षण घटते. पेडल घट्टच लागते, पण कितीही दाबले तरी गाडी पुरेशी मंदावत नाही, आणि जळल्याचा उग्र वास येतो. ड्रम ब्रेकमध्ये तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, त्यामुळे पेडलही खाली जाऊ लागते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. कॅलिपरमधील द्रव उकळतो आणि नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल थेट तळाला टेकते आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

वाफेचा हा बिघाड कधी कधी गाडी थांबल्यावर होतो. घाट उतरून चहासाठी गाडी उभी केली की डिस्कवरून वाहणारी हवा थांबते आणि तिच्यातील उष्णता कॅलिपरमधील द्रवात शिरते. दहा मिनिटांनी गाडी सुरू केल्यावर पेडल पोकळ लागते. तासाभराने सर्व थंड झाले की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक पूर्ववत होतात. गॅरेजमध्ये तपासणाऱ्याला मग काहीच दोष सापडत नाही, आणि चालकाला भास झाला असे ठरवून गाडी परत दिली जाते. अशा तक्रारीनंतर द्रव बदलला नाही, तर पुढच्या घाटात तोच प्रसंग पुन्हा ओढवू शकतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते आणि ब्रेक अधूनमधून, ठामपणे व थोडा वेळ लावले तरी पुरतात. स्वयंचलित गिअरच्या मोटारींतही यासाठी 'एल' किंवा हाताने गिअर निवडण्याची सोय असते, परंतु अनेक मालकांनी ती कधी वापरलेलीच नसते. विद्युत मोटारी उतारावर ऊर्जा बॅटरीत परत घेतात. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असताना घाट उतरू लागल्यास ही सोय मर्यादित होते आणि सारा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो.

इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय व्यापक आहे आणि ती निखालस चुकीची आहे. आधुनिक इंजेक्शन इंजिनात गिअर टाकलेला असताना आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर याहूनही धोक्याचे. बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन दाबांत संपतो आणि त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंगची शक्तीही जाते आणि किल्ली काढल्यास स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते.

ब्रेक द्रव

या द्रवाला सर्वत्र 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते खनिज तेल नव्हे. नेहमीच्या वापरातील द्रव ग्लायकॉल-ईथर वर्गातील रसायनांपासून बनतो. त्याच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल ओतल्यास यंत्रणेतील रबरी वॉशर फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतचे बहुतेक रबरी भाग बदलावे लागतात. हा द्रव रंगावर सांडल्यास रंगही उचकटतो, तेव्हा तो लगेच पाण्याने धुवावा लागतो.

हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. टाकीचे झाकण व रबरी नळ्या यांतून दरवर्षी थोडे पाणी त्यात मिसळते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. 'डॉट ३' प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे जुन्या द्रवावर गाडी शहरात वर्षानुवर्षे तक्रारीविना चालते आणि नेमकी घाटात दगा देते. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत हा धोका अधिक संभवतो. गाडी कमी चालली तरी ओलावा शिरायचा थांबत नाही, म्हणून किलोमीटर न पाहता साधारणतः दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस अनेक उत्पादक करतात. 'डॉट ५' हा सिलिकोनयुक्त असून तो इतर प्रतींत मिसळत नाही. नाव सारखे असले तरी 'डॉट ५.१' वेगळा आहे आणि तो ग्लायकॉल वर्गातीलच आहे.

टाकीतील पातळी हळूहळू खाली जाणे हे नेहमी गळतीचेच लक्षण नसते. पॅड झिजले की कॅलिपरचे दट्टे बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा द्रव भरून काढतो. प्रत्येक सर्व्हिसिंगला पातळी पाहून नुसता द्रव ओतत राहिल्यास झिजलेल्या पॅडांची ही सूचना पुसली जाते. याउलट पातळी काही दिवसांतच उतरत असेल, तर चाकाच्या आतल्या बाजूस, नळ्यांच्या जोडांवर आणि बूस्टरच्या तोंडाशी ओल शोधावी लागते. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत न नेणेच श्रेयस्कर.

लक्षणे

पेडल मऊ, स्पंजासारखे लागणे म्हणजे बहुधा नळीत हवा असणे. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर ते वर येत असेल तर ही शंका बळावते. यावर उपाय म्हणजे चाकांकडील निपल उघडून हवा काढणे. पेडल घट्ट लागते, पण पाय तसाच ठेवल्यास हळूहळू खाली सरकते आणि बाहेर कुठेही गळती दिसत नाही, अशा वेळी मास्टर सिलिंडरमधील वॉशर झिजलेले असण्याची शक्यता मोठी असते. पेडल नेहमीपेक्षा कठीण झाल्यास दोष बूस्टरमध्ये किंवा त्याच्या निर्वात नळीत शोधावा. याची चाचणी घरीही करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत अनेकदा दाबावे, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे. बूस्टर ठीक असल्यास पेडल आपोआप थोडे खाली जाते.

ब्रेक लावताना येणारी बारीक किंचाळी कित्येकदा मुद्दाम योजलेली असते. अनेक पॅडांना धातूची पातळ पट्टी बसवलेली असते आणि पॅड संपत आला की ती डिस्कवर घासून आवाज करते. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे खरखर ऐकू येते. तेव्हा पॅडचा घर्षणथर संपून त्यामागचा लोखंडी पत्रा डिस्क कोरत असतो, आणि पॅडांच्या खर्चात डिस्कचाही खर्च मिळतो. नव्या पॅडचा घर्षणथर साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर असतो, तो ३ मिलिमीटरच्या आसपास आल्यावर बदलणे योग्य. पावसात रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला होणारा आवाज मात्र डिस्कवर चढलेल्या गंजाचा असतो आणि तो लगेच नाहीसा होतो.

ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर दोष बहुधा विरुद्ध बाजूच्या चाकात असतो, कारण गाडी नीट काम करणाऱ्या ब्रेकच्या बाजूला वळते. निदान करण्यापूर्वी टायरांतील हवा तपासणे इष्ट. काही किलोमीटर चालवल्यावर एकच चाक इतरांपेक्षा बरेच गरम लागल्यास, किंवा सपाट रस्त्यावर गाडी जड वाटल्यास, त्या चाकाचा कॅलिपर अडकलेला असतो. हात डिस्कला न लावता चाकाजवळ धरला तरी हा फरक कळतो.

पेडल व स्टिअरिंगमधून जाणवणारा थरथराट डिस्कची जाडी असमान झाल्याचे सूचित करतो. चाकाचे नट वेडेवाकडे किंवा अतिजोराने आवळल्यानेही हे होऊ शकते. याच्याशी 'एबीएस'चा कंप गोंधळू नये. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावल्यावर चाक जखडू नये म्हणून ही यंत्रणा दाब सेकंदाला अनेकदा कमी-जास्त करते आणि पेडल पायाखाली धडधडते. धडधडीला घाबरून पाय उचलणे हीच येथे मोठी चूक ठरते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. किल्ली फिरवल्यावर त्याचा पिवळा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो जळत राहिल्यास साधे ब्रेक चालू असतात, पण जखडण्यापासूनचे संरक्षण नसते. लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असल्याचा किंवा द्रव कमी झाल्याचा असतो आणि तो लागल्यास गाडी थांबवणेच योग्य.

पावसाळा आणि उभी गाडी

साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर ड्रम ब्रेक काही काळ क्षीण होतात. पाण्याबाहेर आल्यावर कमी वेगात पेडल हलकेच दाबून थोडे अंतर चालवल्यास ते कोरडे होतात. घाट उतरल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणे मात्र टाळावे, कारण एकदम थंड झालेल्या बिडाला तडे जाऊ शकतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी अनेक दिवस उभी ठेवल्यास मागचे लायनर गंजामुळे ड्रमला चिकटतात. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना अडसर लावणे हा त्यावरचा साधा उपाय.

पॅड किंवा लायनर नेहमी एकाच अक्षावरील दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. बदलल्यानंतर पहिले काहीशे किलोमीटर जोरकस ब्रेक टाळले जातात, जेणेकरून नवा पृष्ठभाग डिस्कशी जुळून येईल. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस वापरले जात असे, म्हणून ड्रममधील भुकटी तोंडाने फुंकणे किंवा हवेच्या झोताने उडवणे आरोग्यास घातक आहे.

ब्रेक निकामी झाल्यास

पेडल तळाला गेल्यास ते भराभर अनेकदा दाबावे. हवा किंवा थोडी वाफ असल्यास काही दाब परत मिळू शकतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक झटक्याने न ओढता, त्याची कळ दाबून ठेवून, टप्प्याटप्प्याने ओढावा. तो बहुतेक मोटारींत तारेने चालतो, त्यामुळे द्रव गेला तरी त्याचा उपयोग होतो. इंजिन बंद करू नये. धोक्याचे दिवे आणि भोंगा चालू ठेवून गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला घ्यावी.

तपासणी आणि कायदा

व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्रासाठी ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीचा प्रसंग साधारणतः नूतनीकरणाच्या वेळीच येतो. दरम्यान घ्यावे लागणारे 'पीयूसी' प्रमाणपत्र फक्त धुरासंबंधी असते, ब्रेकशी त्याचा संबंध नसतो. म्हणून १५ वर्षांपर्यंत खासगी मोटारीच्या ब्रेकची तपासणी व्यवहारात मालकावर आणि त्याने निवडलेल्या मेकॅनिकवर सोपवलेली असते.