खेळातली टाकी, घरातली टाकी

कोल्हापूर-इचलकरंजी एसटीत कुणाच्या तरी मोबाइलवर ‘फिशडम’ चालू असतो. तीन सारख्या सोंगट्या ओळीत आणायच्या आणि मिळालेल्या नाण्यांनी माशांची टाकी सजवायची. रशियातल्या व्होलोग्दा शहरात सुरू झालेल्या प्लेरिक्सनं तो २००८ मध्ये आणला. सोंगट्या जुळवण्याची ही रीत त्याहून जुनी, १९९४ च्या ‘शारिकी’ या रशियन खेळातली.

खरी मेख रंगांच्या संख्येत आहे. सहा रंग असतील तर सहज पडलेल्या सलग तीन सोंगट्या एकरंगी निघण्याची शक्यता ३६ त एक. चारच रंग ठेवले की १६ त एक. रंग कमी केले की वरून घसरलेल्या सोंगट्या आपोआप जुळत जातात आणि खेळ सोपा होतो.

टाकीचं शास्त्र मात्र खेळ गाळतो. तिथं मासा घेतला की लगेच पाण्यात. घरी असं करू नका! माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. फिल्टरच्या स्पंजवर त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात तो हलका पिळावा.

आणि नकोसे झालेले मासे कोल्हापूरच्या रंकाळा तलावात मुळीच सोडू नका. दक्षिण अमेरिकेतला, काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा आज उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो. त्याचे काटेरी पर जाळी फाडतात.