पुसलेला गट आणि पैठणची वही

दिवाळी चार दिवसांवर आली होती. वाळूजच्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळत होतो. शनिवारी संध्याकाळी हिशेब खात्यातून फोन आला, ‘‘साहेब, पगाराची फाइल उघडत नाही. सोमवारी बोनस वाटायचाय.’’ पाहिले तर पगारपत्रक हाताळणाऱ्या आठ जणांचा गटच नाहीसा! जुन्या नोंदी साफ करता करता दुपारी तो मीच पुसला होता. चारशे घरांची दिवाळी माझ्या एका बोटाने अडली होती.

उशीर होईल म्हणून घरी कळवले. आई म्हणाली, ‘‘अरे, आठच नावं ना? मग पुन्हा लिही की!’’

मीही आधी तेच केले होते. त्याच नावाचा गट, तीच आठ माणसे. पण कुलूप उघडेना.

कार्यालयातल्या संगणकांची एक डिरेक्टरी असते. मायक्रोसॉफ्टने 2000 साली आणलेली ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ त्यातली सर्वांत रुळलेली. तिच्यात प्रत्येक माणसाला आणि गटाला जन्मतःच एक लांबलचक क्रमांक मिळतो. फाइलीच्या कुलपाला नाव कळत नाही, हा क्रमांक कळतो. आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणाला मिळत नाही. म्हणून माझा नवा गट त्या कुलपाला परकाच होता.

आपल्या शहराचेच पाहा. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, पण पाणचक्की आणि मकबरा आपापल्या जागी आहेत. संगणकातल्या गटाचेही नाव खुशाल बदला, काही बिघडत नाही. मात्र गट पुसून तेच नाव दुसऱ्याला दिले की सगळे अडते.

2009 पासूनच्या आवृत्त्यांत पुसलेल्या नोंदींसाठी कचरापेटीची सोय आहे. पण ती आधी सुरू करून ठेवावी लागते. आमची बंद होती. शिवाय गट न पुसता कोणी त्यातली नावे बदलली, तर पेटीचा उपयोग नसतो. उरली आदल्या रात्रीची बॅकअप प्रत. तीही नुसती परत ठेवून भागत नाही. डिरेक्टरी दोन-तीन संगणकांवर असते आणि ते एकमेकांना ताजी खबर देत असतात. जुनी प्रत म्हणते, ‘गट आहे’. शेजारचा संगणक म्हणतो, ‘तो दुपारीच गेला’. आणि गट पुन्हा पुसला जातो. म्हणून तेवढ्या गटापुरते ‘हेच खरे’ असे अधिकाराने नोंदवावे लागते. पहाटे तीनला ते साधले. गट आपल्या जुन्या क्रमांकासह परतला, फाइल उघडली. सोमवारी बोनस झाला.

याहून मोठा धडा 27 जून 2017 रोजी जगाला मिळाला. नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक पुसले. त्या समूहाच्या आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. डिरेक्टरीचे सुमारे 150 संगणक एकमेकांची प्रत सांभाळत होते; ते सगळे एकदम गेले. वाचला फक्त आफ्रिकेतल्या घानातला एक. कारण? तिथे नेमकी वीज गेली होती! त्याची डिस्क नायजेरियामार्गे हातोहात इंग्लंडला नेली आणि तिच्या आधारे कंपनीचा संसार पुन्हा उभा राहिला. भारनियमनाला आपण मराठवाड्यात किती बोल लावले, पण तिथे त्यानेच तारले.

एकमेकांशी जोडलेल्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. एकीतली चूक सगळ्यांत पोहोचते. खरी प्रत तारेपासून लांब ठेवावी. तीही फार शिळी नको. साधारण 180 दिवसांपलीकडची प्रत डिरेक्टरीला चालत नाही.

रविवारी सकाळी घरी आलो. आईने चहा पुढे केला. ‘‘मिळाली का रे यादी?’’

‘‘मिळाली.’’

‘‘आहेराची माझी वही मी दोनदा लिहिलीये. एक इथे, एक तुझ्या मावशीकडे पैठणला.’’

मी मुकाट्याने चहा प्यायलो. आता दर तीन महिन्यांनी एक लुटुपुटीचा गट मुद्दाम पुसतो आणि बॅकअपमधून परत आणून पाहतो. बॅकअपची एक प्रत तेव्हापासून कारखान्याबाहेर असते.