किनाऱ्याला न लागणारी जहाजं

8 जून 1982, फॉकलंड युद्धाचे दिवस. त्या बेटांवरच्या फिट्झरॉयजवळ 'सर गॅलहॅड' हे ब्रिटिश जहाज भरदिवसा नांगर टाकून उभं होतं. वेल्श गार्ड्सचे जवान अजून उतरायचे होते. तेवढ्यात अर्जेंटिनाची स्कायहॉक विमानं आली आणि या एका जहाजावर 48 माणसं मेली. त्या पिढीतली जहाजं थेट किनाऱ्यावर नाक चढवायची आणि पुढचं दार उघडून रणगाडे उतरवायची. पुढे त्यांच्या जागी आलेल्या 'बे' वर्गातल्या जहाजांना किनाऱ्याजवळ जायची गरजच उरली नाही.

मूळ आराखडा डच. रॉयल शेल्डे कंपनीने स्पेनच्या बाझानबरोबर तो बेतला. 1998 मध्ये नेदरलँड्सची 'रॉटरडॅम' आणि स्पेनची 'गॅलिशिया' सेवेत आली, मागून 'कॅस्टिला' आणि 'योहान डे विट'. ब्रिटनने त्याच आराखड्यावरून चार जहाजं बांधली: लार्ग्ज बे, लाइम बे, माउंट्स बे आणि कार्डिगन बे. लांबी सुमारे 176 मीटर, वजन 16,000 टनांवर, तोफा मात्र नावापुरत्या.

सगळी करामत आहे ती मागच्या बाजूला. जहाजातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेतात, तसं बूड हळूहळू खाली बसतं. मग मागचं अवजड दार खाली सोडतात आणि समुद्र आत शिरतो. कोरड्या तळावर उभी असलेली होडी आता तरंगू लागते आणि रणगाडा घेऊन सरळ बाहेर पडते. होडी परत आली, की दार बंद करून पाणी उपसायचं. मुद्दाम अर्धवट बुडायचं आणि पुन्हा वर यायचं, हे तंत्र ऐकायला सोपं. पण बाहेर लाटा उसळत असताना आतल्या होडीचं डोकं भिंतीवर आपटू न देणं हे खलाशांचं खरं कसब.

ब्रिटनमधली बांधणी मात्र रखडली. टाइन नदीकाठच्या स्वान हंटर यार्डाकडे दोन जहाजं होती. खर्च दुपटीच्या वर गेला आणि अर्धवट 'लाइम बे' 2006 साली ओढून ग्लासगोला न्यावं लागलं. यार्डाचं ते शेवटचं जहाज. पुढच्याच वर्षी तिथली तरंगती गोदी, यंत्रं आणि टाइनकाठची ओळख बनलेल्या क्रेन्स मुंबईच्या भारती शिपयार्डने विकत घेतल्या. इतिहासाचं चक्र असं फिरतं, हे बोलायला सोपं; ज्या कामगारांनी त्या क्रेन्सखाली आयुष्य काढलं त्यांना ते कितपत रुचलं असेल?

'लार्ग्ज बे' तर पाच वर्षांतच ब्रिटनला परवडेनासं झालं. नेमका तेव्हाच ऑस्ट्रेलियाचा खोळंबा झाला होता. 2011 च्या फेब्रुवारीत 'यासी' चक्रीवादळ येऊन धडकलं, तेव्हा त्यांचं सैन्य उतरवणारं एकही मोठं जहाज निघायच्या स्थितीत नव्हतं. 6.5 कोटी पौंडांत सौदा झाला आणि जहाजाला नाव मिळालं 'चूल्स'. क्लॉड चूल्स पहिल्या महायुद्धात लढलेले अखेरचे सैनिक, त्याच वर्षी 110 व्या वर्षी वारलेले. त्यांनीही आधी ब्रिटिश आणि मग ऑस्ट्रेलियन नौदलात नोकरी केली होती. नाव इतकं चपखल क्वचितच बसतं. दुसऱ्याच वर्षी ट्रान्सफॉर्मर जळून 'चूल्स' कित्येक महिने बंद पडलं, ते सोडा.

त्याची किंमत कळली ती 2020 च्या जानेवारीत. व्हिक्टोरिया राज्यातलं मॅलाकूटा हे किनाऱ्यावरचं गाव वणव्याने वेढलं होतं, बाहेर पडायचा रस्ता बंद होता आणि सुमारे 4,000 माणसं अडकली होती. 'चूल्स' खोल पाण्यात उभं राहिलं, त्याच्या होड्यांनी किनाऱ्याला फेऱ्या मारल्या आणि नऊशेहून जास्त लोक, त्यांच्या कुत्र्यांसकट, रणगाड्यांसाठी केलेल्या जागेत बसून सुटले.

आपल्या नौदलानेही असंच एक जुनं जहाज घेतलंय. अमेरिकेचं 1971 सालचं 'ट्रेंटन' 2007 मध्ये आपल्याकडे 'जलाश्व' झालं. जुनं जहाज गळ्यात मारलं, अशी टीका तेव्हा भरपूर झाली आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. मे 2020 मध्ये, विमानं बंद असताना, हेच जहाज मालदीवच्या मालेहून 698 भारतीयांना घेऊन कोचीला आलं. त्यांत 19 गर्भवती होत्या.