कर्सर लपवा, पण हरवू नका!

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि त्यांच्या शेवटी लुकलुकणारी छोटी रेघ. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना आजही असा पडदा वापरावा लागतो. ही रेघ म्हणजे कर्सर. पुढचे अक्षर कुठे उमटणार, हे त्यावरून कळते.

मात्र कधी कधी कर्सरचा त्रासही होतो. नजरेच्या कडेला झालेली हालचाल किंवा लुकलुक डोळे चटकन टिपतात. प्रोग्रॅम पडद्यावर मेनू किंवा तक्ता उमटवत असताना कर्सर इकडून तिकडे उड्या मारतो आणि लक्ष विचलित होते. म्हणून तेवढ्यापुरता तो लपवला जातो.

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या पडद्यावर मजकुरासाठी ८० रकाने आणि २५ ओळी असत. कर्सर लपवण्याचे दोन मार्ग होते. एक, तो काढणाऱ्या चिपलाच थांबवायचे. दुसरा, त्याला पडद्यावर न दिसणाऱ्या सव्विसाव्या ओळीत पाठवायचे. पुढे १९८३ च्या व्हीटी२२० टर्मिनलमध्ये त्यासाठी सांकेतिक आज्ञा आली. एस्केप, डावा चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, २५ आणि शेवटी लहान लिपीतला ‘एल’ पाठवला की कर्सर लपतो. ‘एल’ऐवजी ‘एच’ पाठवला की परत दिसतो. लिनक्सचा कन्सोल आजही ही आज्ञा ओळखतो.

अडचण येते ती प्रोग्रॅम मध्येच बंद पडल्यावर. लपवलेला कर्सर परत आणायचे राहून जाते आणि कीबोर्डच बिघडला की काय, अशी शंका येते. अशा वेळी ‘रिसेट’ ही आज्ञा टाइप करून एंटर दाबले, की बहुधा तो परत येतो.

दृष्टिहीन व्यक्तींसाठी हा प्रश्न अधिक गंभीर आहे. ब्रेल डिस्प्लेवर वरखाली होणाऱ्या बारीक टोकांतून अक्षरे उमटतात आणि ती बोटांनी वाचतात. त्यावर एका वेळी जेमतेम एक ओळ किंवा तिचा काही भागच मावतो. पंचवीस ओळींपैकी कोणता भाग दाखवायचा, हे ब्रेलचे सॉफ्टवेअर कर्सरच्या जागेवरून ठरवते. प्रोग्रॅमने निवडलेली ओळ नुसती रंगाने दाखवली आणि कर्सर कोपऱ्यात नेऊन ठेवला, तर बोटांखाली भलताच मजकूर येतो.

उपाय सोपा आहे. कर्सर दिसणे आणि कर्सरची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेघ लपवली तरी जागा निवडलेल्या ओळीवरच ठेवता येते. ‘मट’ या ई-मेल प्रोग्रॅममध्ये तर त्यासाठी ‘ब्रेल फ्रेंडली’ नावाचे खास सेटिंगच आहे. ते सुरू केले की मेनूत कर्सर निवडलेल्या ओळीच्या सुरुवातीला थांबतो.

डोळस माणसाला कर्सर काही क्षण दिसला नाही तरी चालते. पण ब्रेल वाचणाऱ्याची सारी वाट त्याच्याच जागेवरून ठरते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तेवढे भान ठेवले, तर दोघांचेही काम अडणार नाही.